अस्वस्थ पाय, अपुरे लोह : नंदुरबारच्या विद्यार्थ्यांसंदर्भात एका दुर्लक्षित विकाराचा आढावा

अस्वस्थ पाय विकार, ज्याला वैद्यकात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आणि अलीकडे विलिस-एकबोम व्याधी अशी नावे आहेत, हा मुळात पायांचा आजार नसून मज्जासंस्थेचा विकार आहे, आणि पाय हे केवळ तो जाणवण्याचे ठिकाण आहे. दिवसभर धडधाकट असणाऱ्या माणसाला संध्याकाळनंतर, विशेषतः अंथरुणाला पाठ टेकल्यावर, पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी वळवळल्यासारखे, सरपटल्यासारखे किंवा ओढल्यासारखे वाटू लागते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आणि हलवले की तेवढ्यापुरते बरे वाटते. हा विकार जीवघेणा नाही, बाहेरून दिसत नाही आणि त्याला रोजच्या बोलीत नेमके नाव नाही. या तीन कारणांमुळे तो रुग्णाच्या तक्रारीत येत नाही आणि डॉक्टरांच्या टिपणातही उतरत नाही. विद्यापीठीय वयात, म्हणजे साधारण अठरा ते पंचवीस या वर्षांत, तर तो ‘जागरणाची सवय’, ‘अभ्यासाचा ताण’ किंवा ‘चंचलपणा’ या सदरांखाली सहज दडून जातो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती रक्तातल्या लोहाची; आणि ती समजून घेतल्याशिवाय विकाराची मोजणीही नीट होत नाही आणि उपचारही.

पाच कसोट्या

या विकाराचे निदान कोणत्याही यंत्रावर किंवा रक्ताच्या एखाद्या तपासणीवर ठरत नाही. ते रुग्णाच्या सांगण्यावर ठरते, म्हणूनच काय विचारायचे याला येथे असाधारण महत्त्व आहे. या विकाराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने १९९५ मध्ये निदानाच्या कसोट्या मांडल्या, २००३ मध्ये त्या सुधारल्या आणि २०१४ मध्ये त्यांना आजचे रूप दिले. पहिली कसोटी अशी की पाय हलवण्याची अनावर ऊर्मी असली पाहिजे आणि तिच्यासोबत बहुधा एखादी नकोशी संवेदना असते. दुसरी, ही ऊर्मी बसल्यावर किंवा पडल्यावर सुरू व्हावी अथवा वाढावी. तिसरी, चालल्याने किंवा पाय ताणल्याने ती पूर्णतः वा अंशतः शमावी, निदान हालचाल चालू असेपर्यंत तरी. चौथी, ती दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री अधिक असावी. पाचवी कसोटी पहिल्या चारांइतकीच महत्त्वाची असून ती सांगते की ही लक्षणे केवळ दुसऱ्या एखाद्या कारणाने, उदाहरणार्थ पोटरीत गोळा येणे, स्नायूंचे दुखणे, सांधेदुखी, पायांवरची सूज, अवघडून बसल्याने आलेल्या मुंग्या किंवा बसल्या जागी पाय हलवण्याची सवय यांनी, स्पष्ट होणारी नसावीत.

शेवटच्या उदाहरणाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या मुलाला घरातली वडीलधारी मंडळी हटकतात, कारण ते अशुभ किंवा असभ्य समजले जाते. परंतु त्या मुलाला ‘थांब’ म्हटले की तो थांबतो आणि त्याला त्याचा त्रास होत नाही. अस्वस्थ पाय विकारात मात्र पाय रोखून धरले की आतली बेचैनी वाढत जाते आणि अखेर उठून चार पावले टाकावीच लागतात. सवय आणि विकार यांतली सीमारेषा ही अशी आहे, आणि ती पायांकडे बाहेरून पाहून काढता येत नाही.

सतराव्या शतकापासून आजपर्यंत

या विकाराचे पहिले ठळक वर्णन इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये लॅटिनमध्ये केले. झोपायला गेलेल्या काही रुग्णांच्या हातापायांत इतकी ओढाताण आणि अस्वस्थता होते की त्यांना जणू छळ सोसावा लागतो, असा त्यांच्या निरीक्षणाचा आशय होता. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे हा विकार कधी उन्मादाचा तर कधी मज्जातंतूंच्या दुर्बलतेचा प्रकार मानला गेला. स्वीडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-अक्सेल एकबोम यांनी १९४५ च्या आपल्या प्रबंधात त्याला स्वतंत्र विकाराचा दर्जा आणि आजचे प्रचलित नाव दिले, तसेच रक्तक्षय, गरोदरपण आणि लोहाची कमतरता यांच्याशी असलेला त्याचा संबंधही पुढे दाखवून दिला. त्यांचेच देशबांधव नोर्डलांडर यांनी १९५० च्या दशकात शिरेतून लोह देऊन अनेक रुग्णांना आराम पडल्याचे नोंदवले. तुर्कस्तानातील अक्पिनार यांनी १९८२ मध्ये कंपवातासाठी वापरल्या जाणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचा गुण येतो असे दाखवले आणि संशोधनाचा रोख लोहाकडून डोपामिन या मेंदूतील रसायनाकडे वळला. २००७ मध्ये मीस-१ आणि बीटीबीडी-९ या जनुकांशी असलेला संबंध उघड झाल्यावर या विकाराला आनुवंशिक बाजू आहे हेही स्पष्ट झाले. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कुटुंबात आणखी कोणाला तरी हा त्रास असतो.

याच काळात एक वेगळा आक्षेपही पुढे आला. अमेरिकेत २००५ मध्ये रोपिनिरोल या औषधाला या विकारासाठी मान्यता मिळाल्यावर वृत्तपत्रांतून त्याचा एवढा गाजावाजा झाला की, वोलोशिन आणि श्वार्ट्झ या अभ्यासकांनी २००६ मध्ये हा ‘आजार विकण्याचा’ नमुना असल्याची टीका केली. विकार खरा आहे, पण सौम्य आणि अधूनमधून होणाऱ्या अस्वस्थतेलाही त्याचे नाव देऊन औषधे खपवली जाऊ शकतात, हा त्या टीकेतला इशारा विद्यार्थ्यांमधील पाहण्या वाचताना आजही उपयोगी पडतो.

लोह, डोपामिन आणि रात्रीची वेळ

डोपामिन हे मेंदूतील निरोप्या रसायन असून हालचालींच्या नियमनात त्याचा मोठा वाटा आहे. ते तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला काम करण्यासाठी लोह लागते. अस्वस्थ पाय विकाराच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात फेरिटिनचे, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाचे, प्रमाण कमी आढळले. चुंबकीय प्रतिमांत आणि मरणोत्तर तपासणीत मध्यमेंदूच्या कृष्णद्रव्य नावाच्या भागातही लोह कमी दिसले. महत्त्वाची बाब अशी की यांतील अनेकांच्या रक्तातील लोह व हिमोग्लोबिन ठीकच होते, म्हणजे तुटवडा प्रथम मेंदूत होता. शरीरातील लोहाची पातळी आणि डोपामिनचे कार्य या दोन्हींना दिवस-रात्रीची लय असते व रात्री ती उताराला लागतात. लक्षणे संध्याकाळनंतरच का डोके वर काढतात याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आज हेच आहे. झोपेत पाय ठरावीक अंतराने झटकले जाणे, ज्याला नियतकालिक अवयव-हालचाल म्हणतात, हे पाचांपैकी चार रुग्णांत आढळते, त्यामुळे झोप लागली तरी ती तुटक राहते.

या यंत्रणेतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. हिमोग्लोबिन हा शरीराच्या चालू खर्चाचा हिशोब आहे आणि फेरिटिन ही शिल्लक आहे. शिल्लक संपत आल्यावरही काही काळ खर्च नेहमीसारखा चाललेला दिसतो. प्रौढांमध्ये फेरिटिन दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमच्या खाली गेल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार लोहाची कमतरता मानली जाते, तर अस्वस्थ पाय विकाराच्या रुग्णात ७५ किंवा त्याहून कमी फेरिटिन असल्यास लोह देण्याचा विचार करावा असे या विकाराचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे हिमोग्लोबिन साडेबारा आणि फेरिटिन तीस असलेल्या विद्यार्थिनीच्या अहवालावर कोठेही लाल खूण येणार नाही, आणि तरीही तिच्या रात्रीच्या त्रासाचे कारण त्याच कागदावर छापलेले असू शकेल.

किती जणांना : मोजणीतील सापळा

युरोप आणि उत्तर अमेरिकेतील प्रौढांत या विकाराचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के सांगितले जाते, आणि वारंवार व त्रासदायक लक्षणे असलेल्यांचे दोन ते तीन टक्के. बंगळुरूच्या नागरी लोकसंख्येतील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते २.१ टक्के आढळले. अमेरिका व ब्रिटनमधील बारा ते सतरा वर्षांच्या मुलांत ते दोन टक्क्यांच्या आसपास होते. वयानुसार प्रमाण वाढते आणि स्त्रियांत ते पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट असते. मात्र जर्मनीतील एका मोठ्या पाहणीत असे दिसले की मूल न झालेल्या स्त्रियांतील प्रमाण पुरुषांइतकेच असते आणि फरक प्रामुख्याने बाळंतपणांनंतर पडतो. अविवाहित विद्यार्थिनींच्या बाबतीत हा मुद्दा विसरला जाऊ नये.

विद्यार्थ्यांमधील अभ्यास पश्चिम आशिया, तुर्कस्तान, पाकिस्तान, ब्राझील आणि भारत अशा अनेक ठिकाणी झाले असून ते बहुतांश वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच आहेत, कारण प्रश्नावली वाटायला तेच हाताशी असतात. त्यांतील आकडे एकेरी टक्क्यांपासून दुहेरी टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसतात. हा पसारा प्रदेशांच्या फरकाचा कमी आणि मोजण्याच्या पद्धतीचा अधिक आहे. २००९ मधील एका अभ्यासाने दाखवले की विकार नसलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकही पहिल्या चार कसोट्यांना ‘होय’ म्हणतात. एक हजार विद्यार्थ्यांचे उदाहरण घेऊन हिशोब केला आणि त्यांत खरे रुग्ण तीस धरले, तर उरलेल्या ९७० पैकी जवळजवळ १५५ जण केवळ चार प्रश्नांच्या चाळणीत अडकतील. म्हणजे चाळणीत सापडलेल्या १८५ जणांत खरा रुग्ण सहांत एक. पाचवी कसोटी प्रत्यक्ष बोलून न तपासता काढलेला आकडा कितीही मोठ्या नमुन्यावर आधारलेला असला तरी तो विकाराचा नव्हे, तर पायांच्या सर्वसाधारण तक्रारींचा आकडा असतो.

नंदुरबार : भाषा आणि भास

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या सहा तालुक्यांचा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या साडेसोळा लाखांच्या लोकसंख्येत ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. येथील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून तालुक्याच्या गावी शिकायला आलेल्या मुलामुलींचा मोठा भाग आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतो, आणि त्यांच्या घरची भाषा भिली, पावरी, मावची, कोकणी किंवा अहिराणी असते.

निदान बोलण्यावर अवलंबून असलेल्या विकारात ही भाषिक स्थिती गौण राहत नाही. ‘पाय दुखतात का?’ या प्रमाण मराठी प्रश्नाला अस्वस्थ पाय विकाराचा खरा रुग्ण ‘नाही’ म्हणू शकतो, कारण त्याला वेदना नसतेच. आणि दिवसभर शेतात वाकलेला किंवा मैदानावर धावलेला विद्यार्थी ‘होय’ म्हणेल, पण त्याला हा विकार नसेल. ‘मुंग्या येतात’ हा शब्द अवघडून बसल्याने बधिर झालेल्या पायालाही लागतो आणि पोटरीच्या आतल्या वळवळीलाही. म्हणून कसोटी एकेका शब्दावर न ठेवता कृतीवर ठेवावी लागते : रात्री पडल्यावर उठून चालावेसे वाटते का, चालल्यावर बरे वाटते का, पुन्हा पडल्यावर परत सुरू होते का, आणि सकाळी तोच पाय शांत असतो का. हे चार प्रश्न कोणत्याही बोलीत विचारता येतात आणि त्यांसाठी विकाराचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते.

सारख्या दिसणाऱ्या तक्रारींचीही येथे एक खास जंत्री आहे. पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणांच्या नडगीच्या हाडालगत दुखते, ते धावताना वाढते व विश्रांतीने कमी होते, म्हणजे विकाराच्या नेमके उलट. उन्हाळ्यात घामावाटे पाणी व क्षार गेल्यावर रात्री पोटरीत गोळा येतो, त्यात स्नायू दगडासारखा हाताला लागतो आणि कळ तीव्र असते. अस्वस्थ पाय विकारात हाताला काहीच लागत नाही. घाटातल्या खचाखच भरलेल्या जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन दोन तास बसलेल्याला येणाऱ्या मुंग्या पाय मोकळे केल्यावर काही मिनिटांत जातात आणि रात्री परतत नाहीत.

रक्तक्षय आणि सिकलसेल : दोन वेगळ्या वाटा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. अस्वस्थ पायांबद्दल मात्र या सर्वेक्षणात प्रश्नच नसतो. मासिक पाळीतील रक्तस्राव, अनवाणी चालण्यातून होणारा अंकुशकृमीचा संसर्ग, तृणधान्यांतील फायटेटमुळे अडणारे लोहाचे शोषण आणि जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ही लोह कमी होण्याची परिचित कारणे आहेत आणि ती विद्यार्थी वयातही लागू पडतात. शासकीय उपाययोजनांत दहा ते एकोणीस वयोगटासाठी साप्ताहिक लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी २०१२ पासून शाळा आणि अंगणवाडी यांच्या मार्गाने दिली जाते, तसेच २०१८ च्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात पुनरुत्पादनक्षम वयाच्या स्त्रियांचाही समावेश आहे. परंतु शाळा सुटलेली, अंगणवाडीशी संबंध नसलेली आणि गाव सोडून तालुक्याच्या वसतिगृहात राहणारी एकोणीस-वीस वर्षांची विद्यार्थिनी या दोन्ही वाटांच्या मधल्या फटीत सहज पडते.

तथापि नंदुरबारमध्ये ‘रक्त कमी म्हणजे लोह द्या’ हे समीकरण सरसकट चालत नाही. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रचनेतील आनुवंशिक दोष असून त्यात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, माडिया, परधान इत्यादी समूहांत या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून पुढे आले, आणि मोठी रुग्णसंख्या असलेल्या जिल्ह्यांत नंदुरबारची गणना झाली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले ते याच पार्श्वभूमीवर. येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. वाहकाला, म्हणजे दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्याला, सहसा त्यामुळे रक्तक्षय होत नाही. त्याचे हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण दुसरे, बहुधा लोहाचेच, शोधले पाहिजे. रुग्णाचे हिमोग्लोबिन मात्र पेशी फुटल्याने कमी असते, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह उलट साठलेले असू शकते. त्याला तपासणीविना लोहाच्या गोळ्या देणे धोक्याचे ठरते. तिसरी गोष्ट अशी की दाह किंवा संसर्गाच्या काळात फेरिटिन फुगून दिसते, त्यामुळे अशा वेळी त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिनची संपृक्तता, म्हणजे लोह वाहून नेणारे प्रथिन किती भरलेले आहे, हेही पाहावे लागते. सिकलसेलच्या रुग्णाची हाडांतील वेदना हा तर वेगळाच विषय आहे. ती हालचालीने शमत नाही, दिवस-रात्र पाळत नाही आणि तिला तातडीचे उपचार लागतात.

अभ्यासिका, चहा आणि सर्दीची गोळी

स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे तालुक्यांच्या गावी अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. तेथे एका खुर्चीवर चार-चार तास बसणे, मध्ये दोन-तीन वेळा कडक चहा, खोलीवर गेल्यावर मोबाईलच्या उजेडात आणखी तासभर आणि पहाटे मैदानावर धावणे हा दिनक्रम या विकाराला जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर खतपाणी घालतो. दीर्घ बैठक लक्षणे जागी करते, कॅफीन आणि तंबाखू काहींमध्ये ती वाढवतात, अपुरी झोप दुसऱ्या रात्रीची लक्षणे तीव्र करते, आणि तुटलेल्या झोपेमुळे दिवसा एकाग्रता कमी होऊन पुन्हा चहाची गरज वाढते. नैराश्य आणि चिंता यांच्याशीही या विकाराचा संबंध सातत्याने दिसून आला आहे, परंतु त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एकदाच केलेल्या पाहणीतून सांगता येत नाही.

औषधांची भूमिका यात सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. सर्दी-खाजेसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या हिस्टामिनविरोधी गोळ्या, उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरील अनेक औषधे अस्वस्थ पाय वाढवू शकतात. झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेणारा विद्यार्थी अशा वेळी आपल्या त्रासाचे कारणच औषध म्हणून गिळत असतो.

उपचारांचा क्रम

सौम्य त्रासात झोपेची वेळ ठरवणे, संध्याकाळनंतर चहा-तंबाखू टाळणे, पोटऱ्या ताणणे, पाय चोळणे, गरम किंवा गार पाण्याने शेकणे आणि बैठकीत दर तासाला उठून चालणे एवढ्याने पुष्कळांना पुरेसा आराम पडतो. त्यानंतरची पायरी फेरिटिनची आहे. लोह कमी असल्यास गोळी लिंबू, आवळा अशा क जीवनसत्त्वाच्या पदार्थासोबत आणि चहापासून दूर घ्यावी. स्वित्झर्लंडमधील लोह कमी असलेल्या तरुणींवरील २०१७ च्या अभ्यासात रोज घेतलेल्या गोळीपेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले गेले, कारण प्रत्येक मात्रेनंतर यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक पुढच्या दिवसाचे शोषण अडवते. तोंडावाटे लोह मानवत नसेल किंवा पुरत नसेल तर ते वैद्यकीय देखरेखीखाली शिरेतून देता येते.

लोहाने भागत नाही अशा, आठवड्यातून अनेक रात्री त्रास होणाऱ्या रुग्णांसाठी गॅबापेन्टिन आणि प्रिगॅबालिन या गटातील औषधांना आज पहिली पसंती आहे. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल यांसारखी डोपामिनसदृश औषधे सुरुवातीला झटपट गुण देतात, परंतु काही वर्षांत लक्षणे दिवसा लवकर सुरू होणे, हातांतही पसरणे आणि मात्रा वाढवावी लागणे असा उलटा परिणाम होतो. याला लक्षणवर्धन म्हणतात. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधे सर्रास न वापरण्याचा सल्ला दिला आहे. विशीतल्या रुग्णापुढे अनेक दशकांचे आयुष्य असल्याने त्याच्या बाबतीत हा सल्ला अधिकच महत्त्वाचा ठरतो.

समारोप

या विवेचनातून दिसते की नंदुरबारच्या विद्यार्थ्यांमधील अस्वस्थ पायांचा प्रश्न तीन पायऱ्यांनी सोडवावा लागतो आणि त्यांचा क्रम उलटवता येत नाही. प्रथम कृतीवर आधारलेले चार प्रश्न विद्यार्थ्याच्या बोलीत विचारून आणि सारख्या दिसणाऱ्या तक्रारी वगळून विकार आहे की नाही हे ठरवावे लागते. नंतर हिमोग्लोबिनवर न थांबता फेरिटिन पाहावे लागते आणि सिकलसेलची स्थिती ठाऊक करून घ्यावी लागते. त्यानंतरच गोळीची पाळी येते. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. सिकलसेलची चाचणी जिल्ह्यात आधीच होते, नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीत उंची, वजन व हिमोग्लोबिन यांच्या रकान्यांखाली आणखी चार ओळींची जागा करता येण्यासारखी आहे. त्या चार ओळींत ‘पाय दुखतात का’ असे न विचारता ‘रात्री उठून चालावे लागते का’ असे विचारले गेले, तर आज ज्यांना जागरणाची खोड म्हणून बोल लावला जातो त्यांतील काही मुलामुलींची तक्रार प्रथमच योग्य रकान्यात नोंदली जाईल.